चरवी पोचली

प्रिय आत्या,

तुझी चरवी आज सकाळी घरी आली. भरून आली. हे तुला कळवायला मला सांगितलं आहे, म्हणून लिहिते.

कुणी सांगितलं? तुझ्या धाकट्या जावेनं. सरूकाकी मधल्या भिंतीला वळसा घालून आज पुढच्या दारानं आल्या. मी चुलीपुढे होते. वर बघते तर उंबऱ्याबाहेर काकी उभ्या, आणि पदराखाली झाकलेलं काहीतरी. तुमचं बोलणं तुटल्यापासून त्या या घरात एकदाच आल्या होत्या, तू गेलीस त्या दिवशी. तेव्हा रडण्यात कुणी कुणाकडे नीट बघितलं नव्हतं.

“आत या ना काकी.”

“येती. आदी ही घे. हात भरून आलं माझं.”

पदर बाजूला झाला. चरवी! पितळेवर कासारानं ठोके देऊन घातलेलं तुझं नाव तसंच. आत गुऱ्हाळावरची ताजी काकवी, काठोकाठ.

“नीट धर. सांडलीस तर म्हणशील, काकीनंच कमी घातली.”

मी धरली. जड होती. काकी आत येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

“आता आक्काला लिव, सरूनं चरवी दिली म्हणून. भरून दिली म्हणून. परवाच्या यष्टीनं मी बावड्याला निघाली, पोराकडं, नानाकडं. कायमची. जायच्या आदी दिली, असं बी लिव.”

“काकी, कुठल्या पत्त्यावर लिहू?”

“विलायतेवनं लिवत हुतीस न्हवं? येवढा समिंदर वलांडून कागद यायचा. मंग ह्यो बी जाईल. तुला लिवायला काय हुतंय?”

मी उठले. त्यांना चहा टाकला.

आधी एक सांगून टाकते. या पत्रात मी तुला ‘तू’ म्हणते आहे. मोरगावला तू माहेरपणाला यायचीस, शेरडांच्या मागे माझ्याबरोबर माळावर हिंडायचीस, तेव्हा मी तुला ‘तू’च म्हणत होते. मग तू मला सून करून आणलंस आणि बाबांनी मांडवातच दटावलं, आता अहो-जाहो करायचं. केलं. विलायतेहून पत्रं लिहिली तीही तशीच. माझ्या तोंडाला ते कधी रुळलं नाही. तुझ्या कानाला तरी रुळलं होतं का?

चरवीही माझ्यासारखीच मोरगावची. आजोबांनी तुझ्या लग्नात दिलेली. ती भिंतीपलीकडे गेली त्या दिवशी मी घरात नवी होते, म्हणून मला सगळं आठवतं. म्हैस व्यायली होती. तू चरवीभर चीक काढून ठेवलास आणि मला म्हणालीस, “सरूला दिऊन ये. पयला चीक तिला लागतो. खरवस करंल आन् निम्मा आपल्यालाच धाडंल.” मी देऊन आले. काकींनी माझ्या हातावर गूळ ठेवला.

त्याच दुपारी पाण्यावरून झालं. कालव्याच्या फाट्याच्या पाण्याची आपली पाळी संपायच्या आत त्यांच्या गड्यानं दारं मोडलं आणि पाणी त्यांच्या उसात वळवलं. आपली वांग्याची रोपं तहानलेली राहिली. मामंजी आणि काका, दोघे भाऊ, बांधावर दोन शब्द बोलले. पुढच्या महिन्यात ते पारावर एकाच चंचीतली तंबाखू खात होते. तुम्ही दोघी मात्र अंगणातल्या भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून जे बोललात, ते मी इथे लिहीत नाही. त्यानंतर एकमेकींशी काही बोललाच नाहीत. मामंजी गेले, काका गेले, तरी नाही.

चरवी तिकडेच राहिली.

मला तेव्हा वाटलं, साधी गोष्ट आहे. मी म्हणाले, “जाऊन मागून आणू का?” तू केवढ्यानं अंगावर आलीस! “मागती? भांडं मागायचं म्हंजी समोरच्याला चोर म्हणायचं. सरू चोर न्हाय.” तिच्याशी बोलायचं नव्हतं, आणि तिला चोर म्हटलेलंही तुला खपत नव्हतं.

काकींची बाजू मला पुढे कधीतरी हौदावर कळली. “रिकामी धाडली तर आक्का म्हणंल, हिच्या घरात मूठभर दाणं बी न्हाईत. भरून धाडली तर म्हणंल, आली शरण. राहू दे फळीवर.” आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. चिमूटभर साखर, चार दाणे, काहीतरी त्यात जातं. त्या चार दाण्यांपाशी तुम्ही दोघी अडलात.

त्यांनी ती कधी वापरली नाही, आत्या. दर सणाला चिंच लावून घासायच्या. फळीवर मधोमध ठेवायच्या. दार उघडं असलं की ती आपल्या अंगणातून चमकताना दिसायची. तू जाता-येता बघायचीस. “घासती न्हवं? घासू दे.”

मग आम्ही विलायतेला गेलो. कालव्याच्या पाण्यानं खारवून चोपण होत चाललेल्या जमिनी कशा सुधारायच्या, ते शिकायला सरकारनं यांना दोन वर्षं पाठवलं आणि यांच्यामागून मी. तू येसुराचा डबा बांधून दिलास. कालवणाला घालायला तो मी कसा पुरवून पुरवून वापरला, ते तुला पत्रातून कळलंच होतं.

लीड्सच्या गल्लीत एकसारखी घरं होती. दोन घरांत एक भिंत. पलीकडचा खोकला ऐकू यायचा, पण खोकला ऐकू आला असं म्हणायची पद्धत नव्हती. इथे कोऱ्हाळ्यात हौदावर गेलं की पहिला प्रश्न, काय कालवण केलंस? तिथे भिंतीला भिंत लावून राहूनही माझ्या चुलीवर काय शिजतं ते कुणी विचारलं नाही. वास जात असणार. येसुराचा वास लपतो का? दोन माणसं भेटली की पाऊस पडतोय एवढं एकमेकांना सांगायची. दोघंही भिजत उभी असायची.

मला सुरुवातीला ही माणसं कोरडी वाटली. आता वाटत नाहीत. दुसऱ्याच्या चुलीत डोकवायचं नाही, हाही एक मान आहे. पण तो मान मला पेलायचा नाही. मला कुणीतरी डोकवायला हवं असायचं.

ते आलं पार्करबाईंच्या रूपानं. शेजारच्याच त्या. थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस त्यांनी दारावर टकटक केली आणि पांढऱ्या चिनी मातीची डिश माझ्या हातात ठेवली. आत सफरचंदं घालून भट्टीत भाजलेलं काहीतरी गोड होतं. मी ‘आत या’ म्हणेपर्यंत त्या गेल्यासुद्धा.

डिश धुतली. पुसली. आणि मला तुझा आवाज ऐकू आला. रिकामी कशी द्यायची? मी शिरा केला आणि डिश भरून दिली. पार्करबाईंच्या तोंडावर आनंद होता आणि जरा भीतीही. तिसऱ्या दिवशी तीच डिश परत माझ्या दारात, आत गोड पाव. मी पुन्हा शिरा केला. त्यांनी खिमटासारखं काहीतरी पाठवलं. मी लिंबाचं लोणचं दिलं. ते त्यांनी मुरंब्यासारखं पावाला थापून खाल्लं आणि डोळे पुसत मला सांगायला आल्या, फार छान होतं.

आत्या, तेव्हा तिकडे साखर रेशनवर होती. लढाई संपून इतकी वर्षं झाली होती, तरी. हे मी लिहिलं तेव्हा तू धाकट्या दत्तूकडून लिहवून उलट टपाली विचारलंस, “आमच्यावर राज्य केलं आन् घरात साखर न्हाय?” हे तर पत्र वाचून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले.

पण हसू फार टिकलं नाही. हे विचारायला लागले, “आपण चहा बिनसाखरेचा का पितोय?” मी म्हणायची, “पार्करबाईंची डिश रिकामी कशी पाठवू?” पुढे कळलं की भिंतीपलीकडे पार्करसाहेबही हेच विचारत होते. त्या म्हणत होत्या, “त्या मुलीनं इतकं पाठवलं, आपण नुसती डिश कशी ठेवून घ्यायची?” एकदा त्यांच्याकडे घालायला काही उरलं नाही, तर डिशमधून विणलेले पायमोजे आले. मी त्यात काय घालून पाठवलं असेल? तू दिलेला येसूर. त्याचं त्यांनी काय केलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

अखेर त्याच आल्या. डिश तेव्हा माझ्याकडे होती. त्या दारातून आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “बाळ, माझी साखर संपली. मला माझी डिश हवी आहे. रिकामी.”

मी डिश आणली. त्यांनी हात पुढे केला. माझी बोटं सुटेनात. खरंच सांगते, सुटेनात! त्या हलकेच म्हणाल्या, “सोड.” मी सोडली. मला रडू आलं आणि त्यांना हसू. मग आम्ही चहा घेतला, बिनसाखरेचा. वर्षभर आम्ही एकमेकींच्या दारात उभ्या राहिलो होतो, हातात भरलेली डिश घेऊन. बसलो त्या दिवशी पहिल्यांदा. त्यानंतर दर आठवड्याला त्या यायच्या किंवा मी जायची. हातात काही नसायचं. त्यांचा भाऊ लढाईत गेला ते मला तेव्हा कळलं. मला मूल होऊन गेलं ते त्यांना तेव्हा कळलं.

हे सगळं मी तुला लिहिलं. तुझं उत्तर आलं: “रिकामं भांडं हातात दिलंस, बरं केलं न्हाईस. येसूर संपला का ते कळीव.” मला हसू आलं. आपली आत्या बदलायची नाही, असं यांना म्हणाले आणि पत्र ट्रंकेत ठेवलं.

आज काकींनी चहा बशीत ओतला, दोन फुंकरा घातल्या आणि विचारलं, “ती पार्करीण काय करती आता?”

माझ्या हातातली सांडशी थांबली. “तुम्हाला कसं ठाऊक, काकी?”

“मला? मला पार्करणीच्या भावापातूर समदं ठाव हाय. पायमोजं धाडलं हुतं न्हवं डिशीतनं? आगं, तुझी सासू त्या दत्तूला भिताडाकडं तोंड करून बसवायची. मोठ्यानं वाच, मोठ्यानं वाच. पोराचा घसा बसायचा. त्यो म्हणायचा, आई, तू म्होरंच बसलीस की. तर म्हणायची, मला कमी ऐकू येतंय.”

तुला कमी ऐकू येत होतं, आत्या? तुला? परसात असताना चुलीवरचं दूध उतू चाललेलं तुला ऐकू यायचं!

दत्तू तेवढ्यात टोमॅटोच्या पाट्या भरून आत आला. त्याला विचारलं. तो म्हणाला, “मग काय वहिनी! तुमचं पत्र आलं की माझ्या अंगावर काटा यायचा. एकेक पत्र दोन-दोनदा. पहिल्यांदा काकी गोठ्यात असल्या तर त्या अंगणात येईपर्यंत आई थांबायची. म्हणायची, जरा पाणी पी, मग वाच.”

“आन् मी बी मुद्दाम गोठ्यात जायची,” काकी म्हणाल्या. “बघावं म्हनलं, थांबती का.”

मला वाटत होतं, लीड्सला बसून मी तुला पत्रं लिहिते आहे. मी तुमच्या दोघींच्या मधे बसले होते. मला कुणी सांगितलंही नाही! सांगितलं असतंस तर मी दर आठवड्याला लिहिलं असतं. पार्करबाईंना आणखी दोन भाऊ दिले असते.

मग काकींनी जे सांगितलं ते लिहायला जड जातंय. पण चरवी पोचल्याचं कळवायचं तर तेही कळवलं पाहिजे.

“त्या डिशीचा कागद आला,” त्या म्हणाल्या, “रिकामी डिश मागितली त्यो. मी भिताडाला टेकून ऐकला. आन् मनात आलं, येवढी गोरी बाई दारात येऊन मागती, तिचं काय कमी झालं? उठली. फळीवरनं चरवी काढली. जशी हाय तशी नेऊन देती आन् म्हणती, आक्का, घे. उंबऱ्यापातूर आली. तवर तुझी सासू भिताडाआडनं म्हनली, ‘आपल्यात न्हाय बया असलं चालत. रिकामं भांडं कसं द्यायचं?’ येवढ्यानं! मला ऐकू यावं म्हणूनच की. ठिवली परत फळीवर.”

दत्तू खाली बघत पाटीतला एक टोमॅटो इकडून तिकडे ठेवत होता.

“काकी,” मी म्हणाले, “ती म्हणत होती, भरून आण.”

“काय?”

“आत्या. ती तुम्हाला येऊ नका म्हणत नव्हती. चार दाणे घालून आणा, एवढंच म्हणत होती.”

काकींनी बशी खाली ठेवली. चहावर साय धरली.

“मग तसं म्हणायचं हुतं.”

“तुम्ही तरी विचारायचं होतं.”

“व्हय.” त्यांनी साय बोटानं बाजूला केली. “येडपट. दोगी बी.”

मी खरं सांगितलं ना, आत्या? तू तेच म्हणालीस ना? मी काकींना ठासून सांगितलं, पण मला ठाऊक कुठे आहे? कदाचित तू नुसती हट्टानं म्हणाली असशील. तुझा हट्ट मला माहीत आहे. पण हट्ट असता तर तू ते भिंतीकडे तोंड करून कशाला म्हणाली असतीस? माझ्याकडे एवढाच पुरावा आहे. मला तो पुरतो.

मी विचारलं, मग तू गेलीस त्या दिवशी पिठलं-भाकरी घेऊन आल्या, तेव्हाच चरवी का नाही आणली? काकी जवळजवळ चिडल्या. “दुखाच्या घरात आणू? दुखाच्या घरातनं काय बी माघारी घेत न्हाईत, काय बी दिऊन फिटत न्हाय. आन् पिठलं घालून द्यायला ती काय साधी चरवी हाय? गुऱ्हाळ लागायची वाट बघितली. गोड घालून द्यायची हुती.” मग हळूच म्हणाल्या, “न्हाईतर वर भेटली की राम राम न्हाय, श्याम श्याम न्हाय, पयलं हेच इचारंल, माझी चरवी कुटं हाय?”

त्यावर आम्ही तिघंही हसलो. तुझ्या घरात तू गेल्यापासून एवढं मोठं हसणं झालं नव्हतं. हे मुद्दाम कळवते.

पण उठताना काकी म्हणाल्या, “चला. फिटलं. आता माझं हितं काय न्हाय.” उंबऱ्यावर थांबल्या. “नाना कवाधरनं म्हणतोय, ये. दुकानामागं खोली हाय. सुनंचा स्वभाव बरा हाय. पर जीव हलत न्हवता. आता कुणाशी न बोलायला तरी हितं राहू? फळी बी मोकळी मोकळी दिसती.” आणि गेल्या.

फिटलं. हा शब्द मला दुपारभर टोचत राहिला. चरवी तिकडे होती तोवर तुम्ही बांधलेल्या होता. तू रोज बघायचीस, त्या घासायच्या. बोलणं नव्हतं, बाकी काय नव्हतं? पार्करबाईंनी डिश मागून घेतली ती बसण्यासाठी. काकींनी चरवी दिली ती उठण्यासाठी. दोन्हीकडे भांडं ज्याचं त्याला मिळालं. पण एक नव्हे ते.

आणि मला काय वाटतं ते सांगू? काकी बावड्याला जातील आणि सुखात राहतील. नाना चांगला आहे. पण मोरगावच्या पोरीला या घरात आणलंस तेव्हा तिच्या हातावर पहिला गूळ ठेवणारं माणूस भिंतीपलीकडे आता असणार नाही. तुझी आठवण काढायला मी, हे आणि दत्तू. आम्ही तिघंही तुला चांगलंच म्हणणार. तुझ्याशी भांडलेलं कुणी उरणार नाही. मग तुझं खरं कोण सांगणार?

इथे मी पत्र ठेवलं होतं. आता दिवेलागण होते आहे, आणि मी जाऊन आले आहे.

काकवी आपल्या बरणीत ओतली. चरवी धुतली, पुसली. दत्तू बघत होता. “वहिनी, रिकामी नेताय?”

“हो.”

“आई असती तर—”

“तर काय?”

“काही नाही. मलाच बोलली असती.”

भिंतीला वळसा घालून गेले. काकी ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. बाजूला त्यांचं गाठोडं, अर्धं बांधलेलं. मी चरवी त्यांच्यापुढे ठेवली.

“आता काय घालून आणलीस? मी आत्ता दिली न्हवं का?” त्यांनी वाकून आत पाहिलं. मग चरवी उचलून तिरपी केली आणि पुन्हा पाहिलं. “ह्यात काय न्हाय.”

“नाही.”

“रिकामी?”

“रिकामी. परत द्यायला नाही आणली, काकी. ठेवायला आणली. फळीवर.”

सूप त्यांच्या मांडीवर तसंच राहिलं. वेडी पोर, असं म्हणतील, असं मला वाटलं. किंवा उचलून माझ्या हातात देतील. मी लीड्सच्या घरात उभी राहिले होते तशीच उभी होते, फक्त या खेपेला माझे हात मोकळे होते.

“शाले,” त्या म्हणाल्या, “येवढी शिकलीस, विलायत बघून आलीस. रिकामी आणलीस ती आणलीस, निदान घासायला चिंच तरी घालून आणायचीस.”

मग उठल्या. पदरानं चरवी पुसली, मी पुसली होती तरी. फळीवर मधोमध ठेवली आणि तुझं नाव दाराकडे फिरवलं. मागे येऊन पाहिलं. जरा डावीकडे सरकवली.

“आन् आता मी बावड्याला कशी जाऊ?” माझ्यावरच खेकसल्या. “पितळ हाय. आठ दिवसांत काळं पडंल. राखणार कोण हिला? तू? तुला तुझी तपेली लख करायला हुत न्हाईत!”

“नानाला काय सांगायचं?”

“सांग, काकीला काम हाय.”

मला बसायला सांगितलं. मी बसले. आत्या, त्यांनी तुझ्या एवढ्या तक्रारी सांगितल्या! तू कालवणात मीठ जास्त घालायचीस. तू जात्यावर बसलीस की निम्मं दळण त्यांच्यावर टाकून गाणी म्हणत बसायचीस. आणि दोघी एकाच मांडवातून या घरात आलात तेव्हा तुला भाकरी येत नव्हती! मोरगावच्या माळावर बाजरी खाऊन वाढलेल्या तुला! धाकट्या असून त्यांनी शिकवली म्हणे, मागच्या चुलीवर, सासूला कळू न देता. तुझी पहिली भाकरी म्हशीला घातली, आणि म्हशीनं हुंगून सोडली. खरं आहे का हे? मला तर तू म्हणायचीस, मी पाळण्यात असल्यापासनं भाकरी थापते!

मी हसत होते आणि त्या रागावत होत्या. मग त्याही हसल्या. मला इतकं बरं वाटलं की ते लिहून सांगता येत नाही. तू माझ्याकडे होतीस तेवढीच तू नव्हतीस. भिंतीपलीकडे तुझा अर्धा भाग ठेवलेला होता, आणि तो मला आता मिळायला लागला आहे.

तुझ्या माहेरचं भांडं मी तुला न विचारता दिलं. राग आला असेल तर येऊ दे. तो मी सोसीन. मला तो सवयीचा आहे.

आता शब्द देते. ती चरवी मी कधी मागणार नाही, आणि मागून घेणाऱ्याला घेऊ देणार नाही. आणि काकी आहेत तोवर रोज दुपारी कामं आटोपली की भिंतीला वळसा घालून जाईन, हात हलवत जाईन, आणि बसेन.

तुझी
शालू